संग्रहालयाची पायरी

भायखळ्याची राणीची बाग ठाऊक नाही असं मुसलमान घर मुंबईत काय, आपल्या कोकणातही सापडायचं नाही. बासी ईदेला मुलांना नवे कपडे घालायचे, डब्यात आदल्या दिवसाची बिर्याणी भरायची आणि बाग गाठायची. हत्ती बघायचा, माकडांपाशी रेंगाळायचं, झाडाखाली चादर अंथरून जेवायचं. नागपाडा-मदनपुऱ्यापासून पनवेल-पेणपर्यंतच्या कुटुंबांचा हा रिवाज आहे. याच बागेच्या प्रवेशद्वारालगत एक जुनी देखणी इमारत उभी आहे. तिच्यावरून हजारो माणसं जातात, पण तिच्या पायऱ्या चढणारी आपली माणसं फार थोडी. ही इमारत म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय.

आम्ही गडबचे. पेण तालुक्यात, महामार्गाला लागून असलेलं आमचं गाव. कासू स्टेशनवरून दिव्याची गाडी धरायची, दिव्याला लोकल बदलायची आणि भायखळ्याला उतरायचं. एवढा प्रवास करून जायचं तर दवाखान्याला, लग्नाला, नाहीतर खरेदीला. चित्रं बघायला कोण जातं? असा खर्च आणि असा वेळ आमच्यासारख्या घरात कुणाकडे नसतो, आणि खरं सांगायचं तर तशी सवयही नसते.

सवय नसण्याला कारणं आहेत. लग्नानंतरच्या वर्षी दक्षिण मुंबईतल्या एका चित्रदालनात मी आणि माझी नणंद सहज शिरलो होतो. प्रवेश मोफत होता, तशी पाटीही होती. दारावरच्या माणसाने आमच्या बुरख्यांकडे पाहून विचारलं, "काय काम आहे?" काम काहीच नव्हतं, बघायचं होतं. पण त्या प्रश्नाला "बघायला आलोय" असं उत्तर देण्याची आमची हिंमत झाली नाही, आणि आम्ही परत फिरलो. दुसरं कारण घरातलं. आमच्या सासूबाई, ज्यांना सगळं घर दादी म्हणतं, त्यांना तसवीर म्हटली की कपाळाला आठी. घरात माणसाची, जनावराची तसवीर टांगायची नाही हा त्यांचा दंडक. मग तसविरींनीच भरलेल्या इमारतीत जायचं कशाला, असा त्यांचा साधा हिशेब होता.

2013 सालच्या उन्हाच्या दिवसांत दादींच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही भायखळ्याला गेलो. बरोबर माझी मुलगी होती, तेव्हा आठवीत. डॉक्टरांनी दुपारनंतर पुन्हा बोलावलं. मधले तीन तास काढायचे कुठे, तर राणीच्या बागेत. फाटकातून आत गेलो आणि दादी थबकल्या. त्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भागावर एक प्रचंड कोळ्याचं जाळं पसरलं होतं. जवळ जाऊन बघितलं तर ते जाळं शिक्क्यांचं होतं. कचेरीत कागदावर मारतात तसे रबरी शिक्के, पण भले मोठे, शेकडोंनी एकमेकांना जोडलेले. तिकीट काढायची गरज नव्हती, रस्त्यानं जाणाऱ्यालाही ते दिसत होतं.

दादी पायरीवर टेकल्या. तिथे संग्रहालयात काम करणारी एक मुलगी उभी होती. मुलांच्या एका गटाला काहीतरी समजावून सांगून ती मोकळी झाली होती. दादींनी तिला हाक मारली, "बेटी, हे जाळं कसलं?"

मला वाटलं, आता ही पाठ केलेलं भाषण सुरू करणार. तिने तसं केलं नाही. ती पायरीवर दादींच्या शेजारी बसली आणि मराठीत म्हणाली, "आजी, यातल्या प्रत्येक शिक्क्यावर मुंबईच्या एकेका रस्त्याचं जुनं नाव आहे. इंग्रजांच्या वेळचं. ती नावं आता बदलली. रीना कल्लाट नावाच्या चित्रकार बाईंनी हे केलंय. तुमच्याकडे अशी बदललेली नावं आहेत का?"

दादी हसल्या. म्हणाल्या, "आमचा तर अख्खा जिल्हाच बदलला." आणि त्या बोलायलाच लागल्या. त्यांच्या निकाहाच्या वेळच्या सगळ्या कागदांवर जिल्हा कुलाबा आहे. 1981 साली अंतुले साहेब मुख्यमंत्री असताना कुलाब्याचा रायगड झाला. आपल्याच कोकणातला, आंबेत गावचा माणूस मुख्यमंत्री झाला याचा घराला केवढा अभिमान होता, हे त्यांनी सांगितलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "पण बेटी, कागद दाखवायला गेलं की कारकून विचारतो, हे कुलाबा कुठलं? मुंबईचं का? एका कागदावर माझं नाव एक, दुसऱ्यावर दुसरं. शिक्का मारणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं. आता मी कोण, ते शिक्क्याला विचारायचं."

मी वीस वर्षं त्यांच्याबरोबर राहिले होते. त्यांच्या नावाची ही बोच मी कधी ऐकली नव्हती. ती मुलगी मान खाली घालून ऐकत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आजी, हे जाळं याबद्दलच आहे."

वाचक भगिनींनो, कला म्हणजे काय यावर मोठमोठे ग्रंथ आहेत, मी ते वाचलेले नाहीत. पण न शिकलेल्या माझ्या सासूला एका आजच्या, नव्या पद्धतीच्या कलाकृतीचा अर्थ त्या दुपारी पुरता कळला. तो कळला कारण कुणीतरी तिच्या भाषेत तिला प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकायला थांबलं.

मग आम्ही बागेतला दगडी हत्ती पाहिला. हा हत्ती तर आपल्या जिल्ह्याचा. उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावर तो होता, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. 1864 मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा उचलताना तो फुटला. त्याचे तुकडे इथे आणले गेले आणि 1914 मध्ये ते पुन्हा जोडले गेले. आत गेल्यावर मातीच्या छोट्या मूर्तींमध्ये मुंबईच्या नाना जातीजमातींची माणसं, त्यांच्या पगड्या, त्यांचे पेहराव दिसले. दादींनी तिथेही आधी नजर वळवली. मग हळूच म्हणाल्या, "ही पगडी आमच्या मामूंची."

ही इमारत 1872 मध्ये लोकांसाठी खुली झाली. तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. 1975 मध्ये तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव मिळालं. ते नामांकित वैद्य आणि विद्वान होते, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून त्यांनी खटपट केली होती. पुढे इमारतीची दुर्दशा झाली. 2003 पासून मुंबई महापालिका, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ती सावरली. तस्नीम झकारिया मेहता यांनी या कामाचं नेतृत्व केलं. 2005 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये दारं पुन्हा उघडली. त्यानंतर तिथे जुन्या वस्तूंच्या जोडीला आजच्या चित्रकारांना बोलावण्याची पद्धत पडली. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया अशांनी त्या जुन्या वस्तूंना उत्तर म्हणून नवी कामं मांडली. मुलांच्या कार्यशाळा, व्याख्यानं, बरोबर हिंडून माहिती देणाऱ्या फेऱ्या सुरू झाल्या. हे सगळं महापालिकेच्या जागेत, म्हणजे लोकांच्या पैशावर उभ्या असलेल्या घरात. आम्ही गेलो तेव्हा तिकीट दहा रुपये होतं. भायखळा स्टेशनवर दोन चहा घ्यायचे तर तेवढे लागले.

निघताना त्या मुलीने माझा फोन नंबर लिहून घेतला. महिन्याभराने खरोखरच फोन आला. "रविवारी मुलांसाठी कार्यशाळा आहे, मराठीत आहे, तुमच्या मुलीला घेऊन या." त्या दक्षिण मुंबईतल्या दारावर विचारलेला "काय काम आहे?" आणि हे "घेऊन या" यांच्यामध्ये जे अंतर आहे, तेच मला या लेखात सांगायचं आहे. पाटीवर "प्रवेश मोफत" लिहिल्याने दार उघडत नाही. बोलावणं आलं की उघडतं.

कार्यशाळेत मुलांनी बटाटा अर्धा कापून त्यावर आपापल्या गावाच्या नावाचे ठसे कोरले. अक्षर उलटं कोरावं लागतं, तेव्हा ते कागदावर सुलटं उमटतं, हे माझ्या मुलीने त्या दिवशी शिकून घेतलं. घरी येऊन तिने 'कुलाबा' असा ठसा कोरला आणि दादींच्या जुन्या वहीच्या पानावर उमटवला. दादींनी ते पान अजून कुराण शरीफच्या कपाटाखालच्या खणात, रेशनकार्डाबरोबर ठेवलं आहे.

खरी परीक्षा पुढे होती. मुलगी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा पास झाली आणि दहावीनंतर तिने चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम करायचं ठरवलं. घरात वादळ उठलं. तिच्या अब्बांना नोकरीची काळजी. मोठ्या दिरांचं म्हणणं, मुलीने कॉमर्स करावं, बँकेत लागावं. आणि तसविरींचा प्रश्न होताच. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणाऱ्या तिच्या मैत्रिणी आहेत, त्यांच्या हाताचं कौतुक सगळे करतात, पण आपल्या मुलीने हातात कुंचला घेतला की सवाल उभे राहतात. सगळ्यांना वाटलं, दादी नाही म्हणतील आणि विषय मिटेल.

दादींनी रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाल्या, "शिकू दे. नमाजच्या खोलीत माणसाची तसवीर नको, एवढं पाळ. बाकी, शिक्क्यांचं ते जाळं मी पाहिलंय. त्यात कुठे तसवीर होती? ती तर आपली कैफियत होती."

पुढे मुलीच्या वर्गात एक दिवस पडद्यावर नसरीन मोहम्मदी यांची कामं दाखवली. ती घरी धावतच आली. एम. एफ. हुसेन यांचं नाव आपल्यात सगळ्यांना माहीत आहे, पंढरपुरात जन्मलेले, सिनेमाचे बोर्ड रंगवून पुढे आलेले. नसरीन यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. 1937 मध्ये कराचीत जन्मलेली, मुंबईत वाढलेली ही मुसलमान घरातली मुलगी लंडनमध्ये शिकली. तिच्या वडिलांचं बहरीनमध्ये कॅमेऱ्याच्या सामानाचं दुकान होतं. आखातात दुकान, गाव कोकणकिनारी, ही कहाणी आपल्या किती घरांची आहे! 1972 पासून तिने बडोद्याला विद्यार्थी शिकवले. तिच्या चित्रांत पुढे ना माणूस राहिला, ना झाड. पेन, शाई, पट्टी आणि कागद, आणि त्यावर फक्त रेषा. शेवटी आजाराने शरीर साथ देईना, तरी हातातली रेषा सरळच राहिली. 1990 मध्ये तिचं निधन झालं ते किहीमला. म्हणजे वडखळहून पोयनाडला जायचं, कार्लेखिंडीतून चोंढीकडे वळायचं आणि समोर किहीम. 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने नवी शाखा उघडली, तेव्हा सुरुवातीच्या प्रदर्शनांत तिचं काम होतं. न्यूयॉर्कला ठाऊक असलेलं नाव आम्हाला शेजारच्या तालुक्यात राहून ठाऊक नव्हतं.

दादींनी मोबाइलवर त्या रेषा पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. म्हणाल्या, "ही तर आमच्या खारातली शेतं. बांध आणि पाणी." माझी मुलगी आज त्याच बांधांची, मिठागरांच्या चौकटींची चित्रं काढते आणि एका मराठी शाळेत मुलांना शिकवते.

सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. अशा संग्रहालयांचे पुष्कळ कार्यक्रम इंग्रजीत होतात, त्यांची खबर मुंबईच्या ठरावीक वर्तुळात फिरते आणि आमच्यासारख्यांपर्यंत ती पोहोचेपर्यंत कार्यक्रम होऊन गेलेला असतो. एका फोनवर सगळं अवलंबून असावं, हे काही बरं नाही. तो फोन करणारी मुलगी तिथे नसती तर? म्हणून संस्थांनी शाळांना, महिला मंडळांना, जमातीच्या सभागृहांना मराठीत आणि उर्दूत कळवावं, असं मला वाटतं.

पण वाट बघत बसण्यापेक्षा आपणही पाऊल उचलावं. राणीच्या बागेत तर आपण जातोच. पुढच्या वेळी दहाजणींचा गट करा, आधी फोन करून इमारत उघडी आहे का आणि मराठीतून माहिती देणारं कुणी आहे का ते विचारा. बुधवारी संग्रहालय बंद असतं, तो दिवस टाळा. घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर न्या, त्यांना गुडघेदुखी असेल तर पायरीवर बसू द्या. आणि कुणी विचारलं, काय काम आहे, तर न घाबरता सांगा, बघायला आलोय.

आमच्या गडबहून यंदा सातजणी निघाल्या आहेत. त्यांच्यातल्या तिघींनी अजून मुंबईतलं एकही संग्रहालय आतून पाहिलेलं नाही.