डावे पान, उजवे पान

वही कशी ठेवावी, यावर वर्गात आम्ही पुष्कळ बोललो आहोत. वाचनाची नोंद करावी, नोंदीला तारीख घालावी, मत बदलले तर जुने मत खोडू नये, असा आमचा नेहमीचा उपदेश. स्वतः मात्र नेटाने चालवलेली एकच वही आमच्यापाशी आहे आणि तिचा वाङ्मयाशी काही संबंध नाही. वडवणीच्या बाजारातून घेतलेल्या त्या दोनशे पानी वहीत आमच्या आत्याने काढलेल्या दृष्टी, उतरवलेले विंचू आणि बांधलेले गंडेदोरे यांची नोंद आहे.

वडवणी हे बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. गेल्या शतकाच्या अखेरीस ते तालुक्याचे ठिकाण झाले. आत्या आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिला चेटूक येते असे गावात कुणी म्हणणार नाही. 'तिच्या हाताला गुण आहे' असे म्हणतील. आपल्या भाषेने इथे मोठी काटेकोर वाटणी करून ठेवली आहे. करणी, मूठ, चेटूक, भानामती हे शब्द एका कप्प्यात; दृष्ट, उतारा, अंगारा, दोरा हे दुसऱ्या. पहिल्या कप्प्यातले काम नेहमी दुसरी कुणीतरी करते, दुसऱ्या कप्प्यातले आपली आजी, आपली आत्या. पण दोन्ही कप्प्यांच्या मधली भिंत कुडाची आहे. ज्या बाईच्या हाताला गुण आहे, तिच्याच हाताला उद्या दोष लागू शकतो. आत्याने साठ वर्षे यातले अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यामागे केवळ चौथीपर्यंतची शाळा नव्हती, हे आम्हांला फार उशिरा कळले.

पाश्चात्त्य जगात अशा वहीला आता एक प्रतिष्ठा आहे. इंग्लंडमधला 1735 चा चेटूकविषयक कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये गेराल्ड गार्डनर यांनी आधुनिक चेटूकपंथावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पंथात विधींची 'बुक ऑफ शॅडोज' नावाची वही असते आणि शिष्याने ती गुरूच्या वहीवरून स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावी असा प्रघात आहे. आज तिकडे कुणीही हौसेने अशी वही सुरू करतो. चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आम्ही आत्यापुढे कोरी वही ठेवली, तेव्हा आमच्या डोक्यात थोडेफार तेच होते. एक मौखिक परंपरा लुप्त होण्यापूर्वी शब्दांकित करावी, असा प्राध्यापकी उत्साह.

आत्याने पहिल्याच वाक्यात तो मोडून काढला. "मंतर लिहायचा नसतो. लिहिला की मेला." ग्रहणात पाण्यात उभे राहून घेतलेला मंत्र ती कागदावर उतरवू देणार नव्हती. मग लिहायचे काय? बराच वेळ चाललेल्या वाटाघाटींतून एक साधी रीत ठरली. डाव्या पानावर चारच गोष्टी : तारीख आणि तिथी, कुणाचे काय दुखणे, कोणत्या वस्तू वापरल्या, आणि त्या वेळी डोळ्यांना काय दिसले. माणसाचे नाव घालायचे नाही, 'वेशीजवळचे घर, धाकटे लेकरू' एवढेच. उजवे पान कोरे सोडायचे. पंधरा दिवसांनी त्यावर पुढे काय झाले ते लिहायचे, आणि मधल्या काळात दवाखाना केला असेल तर तोही. लिहायला घरातली नववीतली नात बसू लागली. मंत्राच्या जागी ती एक फुली काढी.

उजव्या पानाची कल्पना आमची, पण तिचा अर्थ आम्हांला नंतर उमगला. गुण आला की माणूस पेढे घेऊन येतो, चार घरी सांगतो. गुण आला नाही की तो गप्प राहतो, आणि त्याच्याबरोबर ती हकीकतही गप्प होते. आठवणीला उजवे पान नसते.

पहिल्या काही महिन्यांतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. दृष्ट काढताना मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या ओवाळून विस्तवात टाकतात. ठसका आला नाही तर दृष्ट मोठी होती असे समजतात. आला तर नव्हतीच. नातीने दिवाळी ते संक्रांत अशा नोंदी वाचल्या आणि एका रात्री विचारले, "आजी, अंगणातल्या चुलीवर काढली की दृष्ट निघते, अन् आत गॅसवर तव्यात काढली की नसतेच, आसं कसं?" उघड्या अंगणात धूर वर जातो, बंद स्वयंपाकघरात तो घशात जातो. एवढे साधे उत्तर साठ वर्षे त्या घरात पडून होते. आत्या खळखळून हसली. म्हणाली, "मग आता चुलीवरच काढीत जाऊ. लेकराच्या आईला बरं वाटतं."

काही उजवी पाने सहा-सहा महिने कोरी राहिली. दसऱ्यानंतर या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोचे जोडपे म्हणजे एक 'कोयता', असा तिथला हिशेब. निघण्याच्या आदल्या रात्री आया तान्ही लेकरे घेऊन आत्याकडे येत आणि काळा दोरा बांधून नेत. त्या नोंदींत दुखण्याच्या जागी 'काही नाही, जायचे आहे' असे लिहिलेले आहे. कोरे पान पाहताना आम्हांला कळले की तो दोरा कोणत्याही रोगावरचा उपाय नव्हता. थंडीत फडाच्या कडेला पाचटावर निजवायच्या लेकरासाठी आईजवळ दुसरे काहीच नव्हते.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढात आत्याने वही मागून घेतली आणि म्हणाली, "एक जुनं ऱ्हायलंय. ते बी लिही." साल 1972. दुष्काळाचे. सारे गाव खडी फोडायला जाई. दगडाखालून निघालेला लाल विंचू शेजारच्या पाच वर्षांच्या पोराला डसला. आत्या तेव्हा तिशीतली, विंचू उतरवण्यात तिचा लौकिक होता. ती रात्रभर बसली. तिने काय पाहिले ते ती थांबून थांबून सांगत गेली आणि आम्ही डाव्या पानावर लिहीत गेलो : आधी ओकारी, मग इतका घाम की अंगरखा पिळून निघावा, हातपाय बर्फासारखे, छातीत धडधड, पहाटे खोकला आणि तोंडाला फेस. उजव्या पानासाठी पंधरा दिवस थांबायचे नव्हते. तिथे एकच शब्द आहे : गेला. "त्याच्या आईनं मला कधी काही म्हणलं न्हाई," आत्या म्हणाली. "म्हणायला पायजे होतं."

ही लक्षणे आम्ही अन्यत्र वाचली होती. शेजारच्याच जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 पासून रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते. विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी असेच टिपले : ओकारी, घाम, गार हातपाय, आणि अखेरीस फुफ्फुसात पाणी. ते 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्यांनी जे पाहिले तेच आत्याने दहा वर्षे आधी पाहिले होते. बहुतेक विंचूदंशांत वेदना काही तासांत, फार तर दिवसभरात, आपोआप ओसरते. म्हणूनच उतरवणाऱ्याला यश येते. जे पोर वाचत नाही, ते त्या यशाच्या हिशेबात धरले जात नाही. डॉक्टरांनी ते धरले. खरे तर 1972 मध्ये दवाखान्यातही त्या पोराला हे औषध मिळाले नसते. हे आम्ही आत्याला सांगितले. ती म्हणाली, "आसंल. पर मला ते ठाऊक नव्हतं, अन् मी त्याला नेऊ दिलं न्हाई."

विंचवाचे भारूड शिकवताना एकनाथांनी विंचू म्हणजे काम-क्रोध मानला आणि सत्त्वगुणाचा उतारा सांगितला, एवढे आम्ही सांगतो आणि पुढे जातो. आता त्या तासाला आमचा आवाज थोडा अडखळतो. ज्या श्रोत्यांपुढे हे भारूड पहिल्यांदा झाले, त्यांतल्या कित्येकांनी खरा विंचू आणि खरे गार पडलेले हात पाहिले असतील.

नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांनी अनेक वर्षे लावून धरलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने तो मंजूर केला. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडादोरा करणे हा त्याखाली गुन्हा आहे. यातला 'रोखून' हा शब्द आम्ही नातीकडून आत्याला वाचून दाखवला. आत्याने तो दोनदा म्हणवून घेतला.

वहीतली अलीकडची एक नोंद जशीच्या तशी देतो. डावे पान : 'ज्येष्ठ वद्य. मळ्यातले घर, मोठी मुलगी. विंचू, लाल. घाम. वस्तू काही नाही. जीप बोलावली. आजी संगं बसली, मुलीचा हात धरून. फुली जीपमध्ये.' उजवे पान : 'सरकारी दवाखाना. रात्रभर ठेवले. औषध दिले. सकाळी घरी. आजीला बस लागली, उशिरा आली.'