मऊ भात

परदेशी राहून आलेल्या माणसाला, "तिकडे खाण्याची आठवण कशाची येत असे हो?" असे विचारावे, तर तो हटकून पुरणपोळीचे नाहीतर श्रीखंडाचे नाव सांगतो. मीही चारचौघींत असेच सांगत आले आहे. चारचौघींत सांगायचा पदार्थ जरा जरीकाठीच हवा ना! पण दिवाळीचे दिवस आहेत, वाचक घरचेच आहेत, तेव्हा खरे सांगते. मला आठवण येत असे ती मऊ भाताची. गुरगुट्या शिजलेला भात, वर तुपाची धार, चिमूटभर मेतकूट आणि कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. तापातून उठलेल्या माणसाचे जेवण हे!

शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मी एक वर्ष जपानात, कोबे शहरात होते. आमच्या ह्यांची तिकडे नेमणूक झाली होती. कोबे हे बंदराचे गाव, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले. भारतीय व्यापाऱ्यांची वस्ती तिथे फार जुनी. १९२३ च्या भूकंपाने योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तिथले पुष्कळ भारतीय व्यापारी कोबेला येऊन राहिले. त्यामुळे डाळी, हिंग, हळद, मोहरी यांची ददात नव्हती. दिवाळीत धाकट्या बहिणीने चकल्या आणि चिवडाही पाठवला. कुरिअरवाल्याच्या कृपेने चकल्यांचा निम्माच चुरा झाला होता. आम्ही तो शेजाऱ्यांना वाटला, वाहवा मिळवली. पण फराळ हा पाहुण्यांपुढे ठेवायचा. मऊ भात पाहुण्यांना कुणी वाढत नाही, म्हणून तो कुठल्या उपाहारगृहात मिळत नाही, की कुणी टपालाने धाडत नाही.

मग घरीच का नाही केला? अडले ते तांदळाशी. भारतीय दुकानात मिळे तो बासमती. हा मोठा मानी तांदूळ! कितीही पाणी घाला, शीत शिताला चिकटेल तर शपथ. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर सांगतात, की ज्या तांदळात अमायलोज नावाचे पिष्ट अधिक, त्याचा भात मोकळा होतो. असेल. पुलावाला तो शोभतो खरा. माझे माहेर भोरचे. आमच्याकडे चुलीवर आंबेमोहर चढला, की त्याच्या वासावरून आळीला कळे, आणि तो शिजता शिजता आपणहून मोडून पडे.

१८८८ साली गांधीजी लंडनला गेले, तेव्हा तिथल्या उकडलेल्या बेचव भाज्यांनी त्यांचा जीव मेटाकुटीस आला होता. पुढे तोच उकडलेला पालक त्यांना आवडू लागला, आणि चवीचे ठिकाण जिभेवर नसून मनात आहे असे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवले. वर्गात हे मी मुलांना दरवर्षी सांगते. पण त्यांचे मन त्यांचे ऐकत असे, माझे ऐकत नाही, त्याला काय करावे?

मेतकुटाचा डबा मात्र मी बरोबर नेला होता. आईने तो स्वतः केला होता. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू, मेथ्या, धने, जिरे, सारे वेगवेगळे भाजून दळलेले. थंडीत डबा तळाला गेला, तेव्हा फोनवर तिला प्रमाण विचारले. "मेथ्या चिमूटभर," ती म्हणाली. चार दिवसांनी पुन्हा विचारले, तर म्हणाली, "मूठभर." तिसऱ्या वेळी म्हणाली, "अगं, ते तुझ्या आजीला विचार." आजीला जाऊन वीस वर्षे झाली होती. हल्लीच्या फोनवर चेहराही दिसतो. तिचा चेहरा नेहमीसारखाच हसरा होता. त्या दिवसापासून मी चमचा सोडला आणि सुरीच्या टोकाने मेतकूट घेऊ लागले.

त्याच सुमारास मला सडकून ताप आला. शेजारची म्हातारी मातीच्या भांड्यात झाकून काहीतरी घेऊन आली. झाकण काढले, तर आत वाफाळणारा मऊ भात! त्याला तिकडे ओकायू म्हणतात, आजाऱ्याला तोच देतात. मध्ये उमेबोशी, म्हणजे खारवलेले आंबट फळ ठेवलेले. आपल्या लोणच्याच्या फोडीचीच जागा ती. मी डबा काढून थोडे मेतकूट त्यावर भुरभुरले. म्हातारीने वास घेतला, एक बोट लावून चाटले, आणि मान डोलावली. मला जपानी येत नव्हते, तिला मराठी. मी सगळा भात संपवीपर्यंत ती समोर बसून राहिली.

परत आले ती थेट भोरला गेले. आईला आता मेतकूट म्हणजे काय, तेच आठवत नव्हते. डब्याच्या तळाशी उरलेले चमचाभर पुढ्यात ठेवून, वास घेत घेत, एकेक जिन्नस भाजून मी नवे मेतकूट केले. आंबेमोहर शिजवला. तूप घालून आईला पहिला घास भरवला.

तिने तो सावकाश घोळवला. "कुणी केलंय गं हे?"

"तूच केलंस."

"मग असू दे," आई म्हणाली आणि ताट पुढे सरकवले. "वाढ आणखी."