मुलें, चित्रपट आणि करुणरस

रेखाटलेल्या चित्रांचे बोलपट, ज्यांस मुलें 'कार्टून' म्हणतात, ते केवळ हंसण्यासाठींच असावेत. त्यांत मरण, युद्ध, वियोग यांस थारा नसावा, असें मत पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकूं येतें. आमच्या सूनबाईंचाहि त्यावर कटाक्ष आहे. त्यांची काळजी आम्हांस अस्थानीं वाटत नाहीं. परंतु निर्णय पटत नाहीं.

१९४२ सालच्या डिस्नेच्या 'बॅम्बी' चित्रपटांत पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीस बळी पडते. मरण पडद्यावर दाखविलेलें नाहीं; बार तेवढा ऐकूं येतो आणि पाडस बर्फांत आईला हांका मारीत फिरतें. गेल्या वर्षीं आमच्या थोरल्या वहिनी निवर्तल्या. त्यांच्याच हातून जेवणारा आमचा आठ वर्षांचा नातू तेव्हांपासून त्यांचें नांवहि काढीनासा झाला होता. हा चित्रपट आमच्या शेजारीं बसून पाहतांना त्यानें विचारलें, "आजोबा, ती शेवटीं परत येते का?"

"नाहीं, बाळ."

कांहीं वेळानें तो म्हणाला, "मोठी आजीहि येणार नाहीं ना?" आणि मग पोटभर रडला. सूनबाई दारांत उभ्या होत्या. त्यांनीं चित्रपट बंद केला नाहीं.

याचा अर्थ, हातीं येईल तें मुलांस दाखवावें, असा नव्हे. युद्धकाळीं उपासमारीनें मरणाऱ्या भावंडांचा १९८८ सालचा जपानी 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' आम्ही या वयाच्या मुलास दाखविणार नाहीं. चौदाव्या वर्षीं अवश्य दाखवूं. वयाच्या शिक्क्यावर सर्वस्वीं विसंबूनहि चालत नाहीं. इंग्लंडांत सशांचा रक्तरंजित 'वॉटरशिप डाउन' १९७८ सालीं सर्वांस योग्य ठरला होता. चाळीसांहून अधिक वर्षांनीं तेथील मंडळानें त्यास पालकांच्या देखरेखीची सूचना जोडली.

ही देखरेख कशी असावी, हें भवभूतीनें केव्हांच दाखविलें आहे. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकांत सीता गतायुष्याचीं चित्रें पाहते. शूर्पणखा दिसतांच ती घाबरते; तेव्हां हें केवळ चित्र आहे, असें सांगणारा राम जवळच असतो. कवीनें तें चित्र वगळलें नाहीं; शेजारीं माणूस ठेवला.

एकत्र कुटुंबांत अशा माणसांची वाण नसते. मुलाच्या हातीं यंत्र देऊन आपण उठून जावें आणि मागाहून चित्रपटास दोष द्यावा, हें न्याय्य नव्हे. दुःख मुलांच्या वाट्यास येणारच. त्याची पहिली ओळख वडीलधाऱ्यांच्या मांडीवर व्हावी, इतकेंच आमचें म्हणणें आहे.