पात्यांचा हिशेब

परदेशगमन आणि वस्तरा यांचा संबंध आपल्या समाजांत बराच जुना आहे. विलायतेहून परतलेल्या गृहस्थास जातींत पुन्हां घ्यावयाचें तर त्यानें प्रायश्चित्त केलें पाहिजे, आणि प्रायश्चित्त म्हटलें कीं क्षौर आलेंच, असा एक काळ होता. समुद्र ओलांडून येणाराची वाट बंदरावर आप्तेष्ट पाहत आणि घरीं न्हाव्याची धोकटी पाहत असे. तो काळ गेला. गेल्याबद्दल कोणी अश्रु ढाळावे असें त्यांत कांहीं नव्हतें. परंतु वस्तऱ्यानें प्रवाशाचा पिच्छा अजून पुरता सोडलेला नाहीं. पूर्वीं तो परत आल्यावर आडवा येई; आतां निघतांनाच आडवा येतो.

हें ज्यांस चटकन उमगणार नाहीं ते वाचक एक तर दाढी राखणारे असतील, नाहींतर हल्लींचें तीन किंवा पांच पात्यांचें प्लास्टिकचें यंत्र वापरणारे असतील. आम्ही बोलत आहों तें जुन्या सेफ्टी रेझरबद्दल. खालीं दांडा, वर दोन झांकणें, आणि मध्यें कागदाच्या पुडींतून काढून बसवावयाचें, दोन्ही कडांना धार असलेलें, जाडी मिलिमीटरच्या सुमारें दहाव्या हिश्शाइतकी, असें तें पातें. विमानाच्या नियमांत ह्या पात्याची गणना शस्त्रांत होते. हातांतल्या पिशवींत तें चालत नाहीं. विमानाच्या पोटांत जाणाऱ्या पेटींत शंभर ठेवा, कोणी हूं कीं चूं करीत नाहीं. प्लास्टिकच्या डोक्यांत पक्कें बसविलेलें पोलाद मात्र सहसा हातांतही चालतें, कारण तें सुटें करून बोटांत धरतां येत नाहीं. नियमामागें कारण आहे, आणि तें भयंकर आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजीं अमेरिकेंत ज्यांनीं चार विमानें पळविलीं त्यांचें काम लहान सुऱ्या आणि खोकीं कापावयाचीं पातीं एवढ्यावर भागलें. चार इंचांहून लहान पात्याची सुरी त्या दिवसापर्यंत तेथें विमानांत नेतां येत असे. तेव्हां ह्या नियमाला हंसणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. हंसूं येतें तें त्याच्या परिणामाला. ज्याच्याजवळ मोठी पेटी आहे त्यानें हवीं तेवढीं पातीं न्यावींत; जो एक पडशी खांद्याला लावून निघतो त्याला मात्र एकही नाहीं. अपरिग्रहाला असा दंड आमच्या कोणत्याही स्मृतिकारानें सांगितलेला नाहीं.

आतां विमान म्हणजे मुंबई-पुण्याचीच गोष्ट राहिलेली नाहीं. आमच्या जिल्ह्यांत कोपरगांव तालुक्यांतील काकडी ह्या गांवीं १ ऑक्टोबर २०१७ रोजीं शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, आणि साईबाबांच्या दर्शनाला येणाऱ्या भक्ताचीही पिशवी त्याच यंत्राच्या पोटांतून जाऊं लागली. आम्ही प्रवासांत रेझर जवळ बाळगतों तो पात्यावांचून. नुसतें म्यान म्हणा ना. एकदां एका विमानतळावर पहाऱ्यावरच्या एका तरुणानें तो पिशवींतून काढून चांगला उलटसुलट करून पाहिला. तरुणाची स्वतःची दाढी फार निगुतीनें कातरलेली होती. त्यानें असलें हत्यार जन्मांत पाहिलें नसावें. दांड्याचें टोक फिरवितांच देवळाच्या दारासारखीं दोन झांकणें उघडलीं, गाभारा रिकामा! त्यानें आपल्या वडील सहकाऱ्यास बोलाविलें. त्या गृहस्थांनीं तो हातांत घेतला, झांकणें दोनदां उघडलीं, दोनदां मिटलीं, "हमारे पिताजी के पास था," एवढेंच म्हणाले, आणि जवळजवळ आदरानें परत केला.

सामान तपासण्याचा हा सोहळा पाहिला म्हणजे आम्हांस पारनेरची आठवण होते. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, ज्यांस पुढें महाराष्ट्रानें सेनापति म्हटलें ते, १९०४ सालीं शिष्यवृत्ति मिळवून एडिंबरोस गेले. गेले होते यंत्रविद्या शिकावयास. १९०८ मध्यें परतले ते पॅरिसमध्यें रशियन क्रांतिकारकांकडून मिळविलेली बाँबची कृति घेऊन. दुसऱ्याच वर्षीं लंडनच्या इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन यांनीं सावरकरांनीं दिलेलीं वीस ब्राउनिंग पिस्तुलें पेटीच्या चोरतळांतून मुंबईस पोंचविलीं, आणि त्याच डिसेंबरांत नाशिकास जॅक्सनचा वध झाला तो त्यांतल्याच एका पिस्तुलानें. एवढ्या बलाढ्य साम्राज्याच्या जकातदारांस वीस पिस्तुलें दिसलीं नाहींत, आणि आज एका प्राध्यापकाचें चार-दोन रुपयांचें पातें दिसल्यावांचून राहत नाहीं! फरक क्ष-किरणांचा. त्यांचा शोध लागला १८९५ मध्यें. आणि योगायोग असा कीं, ज्याला हे किरण आज शोधून काढतात त्या पात्याची कल्पनाही त्याच सालची.

ती सुचली किंग कँप जिलेट नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थास. हा मनुष्य गांवोगांव हिंडणारा विक्रेता होता. बाटल्यांचीं झांकणें विकणें हा त्याचा धंदा. एकदां वापरून फेकून द्यावें आणि गिऱ्हाइकानें पुन्हां घ्यावयास यावें असें कांहीं तरी काढ, असा सल्ला त्याला झांकणें काढणाऱ्या विल्यम पेंटर यानेंच दिला होता. एके सकाळीं बोथट वस्तऱ्यानें दाढी करतांना त्याला वाटलें कीं, आपल्याला हवी असते ती धार. मग बाकीचें एवढें पोलाद कशाला? कल्पना सोपी, पण इतक्या पातळ पोलादाला पाणी देतां येणार नाहीं असें जाणते लोक सांगत. विल्यम निकर्सन ह्या यंत्रज्ञानें तें साधलें. १९०३ ह्या पहिल्या वर्षीं खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ पातीं. पुढच्याच वर्षीं रेझरांचा आंकडा नव्वद हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें आपल्या शिपायांसाठीं ३५ लक्ष रेझर आणि ३ कोटि २० लक्ष पातीं घेतलीं. खंदकांत न्हावी नेतां येत नव्हता, आणि विषारी वायूचा मुखवटा वाढल्या दाढीवर नीट बसत नव्हता. फिरत्या माणसाला सुचलेलें आणि परमुलुखांतल्या शिपायांनीं जगभर नेलेलें हें हत्यार आज प्रवाशाच्याच हातांत वर्ज्य ठरावें, ह्याला दैवाची थट्टा म्हणावयाची, दुसरें काय?

आमच्याकडे हा रेझर आला तो मात्र प्रवासाची सोय म्हणून नव्हे. बलुतेदारीच्या दिवसांत न्हावी घरीं येई, ओसरीवर बसे, गांवच्या चार बातम्या सांगे, आणि सुगीला आपला वांटा घेऊन जाई. शहरांत बलुतें तुटलें. शनिवार नको, अमावास्या नको, आज गर्दी आहे, उद्यां न्हावी परगांवीं गेला आहे, असें होऊं लागलें, आणि कचेरीची वेळ तर कोणासाठीं थांबत नाहीं. मग घरोघरीं आरशाशेजारीं एक पत्र्याची डबी आली. आमच्या लहानपणच्या डबींत 'टोपाझ', 'भारत', 'सेव्हन ओ'क्लॉक' ह्यांच्या पुड्या असत. बोथट झालेल्या पात्यावर प्रथम आमचा हक्क, पेन्सिलीसाठीं. मग आईचा, शिवण उसवण्यासाठीं. गंमत अशी कीं न्हाव्याच्या दुकानांतही आतां त्याच पात्याचें राज्य आहे. गिऱ्हाइकाच्या देखत तें मधोमध मोडून अर्धें वस्तऱ्याच्या खांचेंत बसवितात. परंतु घरच्या आरशापुढें जो मिळाला तो एक निराळाच लाभ होता. दिवसाच्या आरंभीं दहा मिनिटें मनुष्य कोणाचा मिंधा नसे. ह्या दहा मिनिटांची किंमत आम्हांस कळली ती अगदीं अलीकडे, एका वृद्ध स्नेह्यांची बांधाबांध करतांना.

हे स्नेही सावेडींत राहत. हायस्कुलांत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. सारे त्यांस गुरुजी म्हणतात, आम्हीही म्हणतों. वय ७८. पत्नी निवर्तल्यावर दोन वर्षें एकट्यानें काढलीं. मग कॅनडांतील एकुलत्या एक मुलीनें हट्ट धरला, आणि त्यांनीं घर विकून तिकडे कायमचें जावयाचें ठरविलें. दोन पेट्या, प्रत्येकीं २३ किलो. साऱ्या संसारांतून निवडावयाचें तें एवढें. अमरकोश गेला, ताम्हन गेलें, मेतकूट आणि गोडा मसाला गेला. पुस्तकें आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाकडे आलीं. मग गुरुजी म्हणाले, "प्रोफेसर, कापडबाजारांत जाणार असाल तर माझीं पातीं आणा. तीनशें."

एका पात्यांत गुरुजी पांच दाढ्या करतात. वर्षाचे दिवस ३६५, भागिले पांच, त्र्याहत्तर. भाग पूर्ण जातो, बाकी राहत नाहीं. तीनशें म्हणजे चार वर्षें आणि वर चाळीस दिवस. आम्हीं हा भागाकार मनांतल्या मनांत केला, पण तो चेहऱ्यावर उमटला असावा. गुरुजी शांतपणें म्हणाले, "बरोबर केलात. आमचे वडील ब्यायशीव्या वर्षीं गेले."

ह्यावर काय बोलावें तें आम्हांस सुचेना. पेटींत धोतरांच्या घड्या लावीत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनीं मान वर न करतां विचारलें, "म्हणजे गुरुजी, त्यानंतर आपण दाढी वाढवणार कीं काय?"

गुरुजी मोठ्यानें हंसले. "मग वानप्रस्थच! जटा आणि श्मश्रु राखावी अशी त्यांत आज्ञाच आहे."

"तें कांहीं नाहीं, पांचशें घ्या."

"वजन वाढेल," ते म्हणाले. पात्याला वजन तें किती! पण गुरुजी तीनशेंवरून हललें नाहींत.

मुलगी रोज दूरध्वनीवरून सांगत होती, "बाबा, इकडे सगळें मिळतं. ते प्लास्टिकचे रेझर घ्या, सोपे असतात." गुरुजींनीं तिच्याकडून किंमत विचारून घेतली, आणि तिकडच्या एका प्लास्टिकच्या डोक्यांत आपलीं वर्षाचीं पातीं येतात असा निकाल दिला. पण खरी गोष्ट पैशाची नव्हती. जातांना मोटारींत तीच त्यांनीं स्वतः काढली. तिकडे जेवणाची वेळ मुलगी ठरविणार, डॉक्टर जांवई ठरविणार, बाहेर जावयाचें तर कोणी तरी गाडी काढावयास हवी. "सकाळचीं दहा मिनिटें तेवढीं माझ्या हातचीं राहूं द्या," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहूं लागले. तीनशें पातीं धोतराच्या घडींत गुंडाळून मोठ्या पेटींत गेलीं होतीं. लग्नांत मिळालेला रेझर, रिकामा, हातांतल्या पिशवींत होता. मुलें परदेशीं गेलीं म्हणून आपण त्यांचा अभिमान मिरवितों, पण त्यांच्या मागोमाग म्हातारपणीं मुळासकट उपटून जाणाऱ्या आईबापांविषयीं आपण फार थोडें बोलतों, असें आम्हांस त्या दिवशीं वाटलें, आणि अजून वाटतें.

पहिले कांहीं महिने गुरुजींचे निरोप त्रोटक असत. बर्फ आहे. तब्येत ठीक. मग एक लांबलचक निरोप आला. सतरा वर्षांच्या नातवाला दाढी फुटली होती, आणि प्लास्टिकच्या यंत्रानें त्याच्या हनुवटीवर पुरळ उठला होता. आजोबांनीं त्याला आरशापुढें उभें करून साबणाचा फेंस कसा करावा, केस कोणत्या दिशेनें वाढतात तें बोटानें कसें पाहावें, दांड्याच्या वजनावरच रेझर कसा चालूं द्यावा, हें सारें शिकविलें. मराठींत सांगितलें, आणि पोरानें मराठींत ऐकलें. आतां रोज सकाळीं दोघे आरशापुढें उभे राहतात. पोराचा हात अजून बसलेला नाहीं, त्यामुळें एका पात्यांत त्याच्या तीनच दाढ्या होतात. "सबब," गुरुजींनीं लिहिलें होतें, "पूर्वींचा हिशेब रद्द समजावा. कोणी येणारें असल्यास पांचशें पाठवावीं."

येणारी सांपडली. आमची एक जुनी विद्यार्थिनी पुढील शिक्षणासाठीं त्याच शहरीं निघाली होती. पंचवीस पुडक्यांची ती रास पाहून ती आधीं गोंधळली; मुलीच्या पेटींत एवढीं पातीं कशाला, असें कोणी विचारलें तर काय सांगावें, हा तिचा प्रश्न रास्त होता. आजोबा आणि नातू यांच्या दाढीचीं आहेत म्हणून खुशाल सांग, असें आम्हीं म्हटलें. आणि पुडकीं तिच्याच हातांनीं, नीट पाहून, मोठ्या पेटींत ठेवावयास लाविलीं, कारण पेटी आपली आपण भरली काय हें तेथें विचारतात.