समोर समुद्र, मागे वाळवंट

मुलांनो, सहल म्हटली की आपल्याला काय आठवते? लाडू-चिवड्याचे डबे, गाण्याच्या भेंड्या आणि खिडकीच्या जागेवरून भांडण! आज मात्र आपण कागदावर एक निराळीच सहल आखू या. नकाशा उघडा पाहू! आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला नामिबिया देश सापडला? तिथल्या स्वाकोपमुंड गावातून जीपने उत्तरेला निघायचे. डाव्या हाताला अटलांटिक महासागर, उजव्या हाताला नामिबचे वाळवंट. पुढे लागतो स्केलेटन कोस्ट, म्हणजे सांगाड्यांचा किनारा. देवमाशांची हाडे आणि फुटक्या जहाजांचे सांगाडे इथे वाळूत पडलेले असतात.

समुद्राकाठी वाळवंट कसे? इथून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. त्याच्यावरची हवा गार होते. दाट धुके पडते, पण पाऊस क्वचितच. तिथला एक काळा भुंगेरा धुक्यात चक्क डोके खाली करून उभा राहतो. पाठीवर जमलेले थेंब घरंगळत त्याच्या तोंडात येतात!

आपल्याला काही ते जमायचे नाही. माझ्या वर्गातला एक पठ्ठ्या म्हणाला, "बाई, समुद्राचे पाणी उकळून पिऊ की!" अरे, उकळून मीठ थोडेच जाते? तेव्हा हिशेब करा. माणशी रोज पाच लिटर, चार माणसे, पाच दिवस. झाले शंभर लिटर. शिवाय दोन दिवसांचे जास्तीचे चाळीस. जीप बंद पडली तर?

दुसरे, वाळूत शिरण्याआधी टायरमधली थोडी हवा काढायची. टायर उंटाच्या पावलासारखा पसरतो आणि रुतत नाही. परत हवा भरायला पंप हवाच. तिसरे, गाड्या दोन हव्यात. चौथे, परवाना घ्यायचा, ठरलेल्या जागीच तंबू ठोकायचा आणि वाट सोडायची नाही. तिथे चाकांच्या खुणा कित्येक वर्षे पुसल्या जात नाहीत.

एवढी काळजी कशाला, असे वाटते ना? मग ऐका. नोव्हेंबर १९४२ मध्ये 'डुनेडिन स्टार' हे जहाज १०६ माणसांसह इथे रुतले. त्यातली ६३ माणसे किनाऱ्यावर उतरली, पण तिथे ना पाणी, ना सावली. मदतीला आलेले विमान वाळूत अडकले. मालमोटारी पुन्हा पुन्हा रुतल्या. मदतीची एक बोटही फुटली आणि तिच्यावरचे दोघे प्राणाला मुकले. जहाजावरची सगळी माणसे अखेर वाचली, पण त्यांना सोडवायला गेलेले ते दोघे घरी परतले नाहीत.

म्हणून यादीतले शेवटचे काम सगळ्यांत मोठे. कुठल्या वाटेने जाणार आणि कधी परतणार, ते कागदावर लिहून घरी ठेवायचे. आणि बरे का, हा नियम फक्त नामिबियासाठी नाही. गावाबाहेरच्या टेकडीवर जातानासुद्धा आईला सांगूनच निघा!