मूठ धातूची की पॉलिमरची?

व्हिसावर असेपर्यंत अमेरिकेत सहसा पिस्तूल विकत घेता येत नाही. ग्रीन कार्ड आलं की घेता येतं. ग्रीन कार्डाची रांग किती लांब असते हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेलच. त्यामुळे ज्या वयात मैत्रिणी गुडघ्यांच्या तक्रारी सांगू लागल्या, त्या वयात मला हा नाद लागला. ऑस्टिनजवळच्या एका रेंजवर ऑफिसातला सहकारी मला नुसतं बघायला म्हणून घेऊन गेला, आणि बघता बघता मी नाव नोंदवून बसले.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे पिस्तूल नेमबाजी म्हटलं की राही सरनोबत. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं, तेव्हापासून आईच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आहे: एका जागी उभं राहायचं, एक हात लांब करायचा, श्वास रोखायचा. मी पाठवलेले व्हिडिओ पाहून ती फोनवर म्हणाली, "अगं, पण तू पळतेयस कशाला?"

कारण हा खेळच पळण्याचा आहे. याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. तिची अमेरिकेतली शाखा म्हणजे यूएसपीएसए. पुठ्ठ्याची लक्ष्यं भिंतींआड, खिडक्यांमागे उभी केलेली असतात. टायमरचा आवाज झाला की पिस्तूल होल्स्टरमधून काढायचं, धावत जायचं, दोन्ही हातांनी धरून मारायचं. मिळालेले गुण भागिले लागलेले सेकंद, हा हिट फॅक्टर. नेम धरत बसलं तर सेकंद जातात, घाई केली तर गुण जातात.

आता अशा खेळाला पिस्तूल कुठलं घ्यावं, एवढाच माझा प्रश्न होता. पण रेंजवर प्रत्येकाने उलटा प्रश्न केला, "ग्रिप कुठली लावणार?" पिस्तुलाला मूठ असतेच, ती वेगळी कशाला लावायची, हे मला समजेना.

समजायला वेळ लागला, कारण प्रत्येक घराण्याची तऱ्हा निराळी. ग्लॉक पिस्तुलात, जे १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलं, सांगाडा आणि मूठ मिळून पॉलिमरचा एकच तुकडा असतो. चेकोस्लोव्हाक वारशाचं सीझेड शॅडो २ सगळं पोलादाचं. त्याच्या मुठीला दोन बाजूंनी फक्त पातळ पट्ट्या बसवतात, आणि ॲल्युमिनियमची की रबराची एवढाच वाद. तिसरी तऱ्हा आमच्या टेक्सासची. जॉर्जटाउन गावच्या एसटीआय कंपनीने, जिचं नाव आता स्टकाटो आहे, '२०११' नावाची रचना रूढ केली. त्यात वरचा सांगाडा धातूचा आणि खालची मूठ वेगळी, मुळात प्लास्टिकची, स्क्रूने जोडलेली. ती काढून कुणी ॲल्युमिनियमची लावतो, कुणी पोलादाची. सिग पी३२० मध्ये तर आतला ट्रिगरचा संचच तेवढा नंबर कोरलेला असतो, आणि इथल्या कायद्याच्या दृष्टीने ज्यावर नंबर तेच पिस्तूल. बाकी मूठ म्हणजे नुसता सुटा भाग. पुस्तकासारखी टपालाने घरी येते. पहिल्यांदा ते खोकं दारात पाहून माझ्या नवऱ्याने ते उचलूनच घेतलं नाही.

गोंधळ वाढवण्याचं काम मी स्वतः एक्सेल उघडून केलं. काचतंतू मिसळलेलं नायलॉन घन सेंटिमीटरला साधारण १.४ ग्रॅम, ॲल्युमिनियम २.७, पोलाद ७.८, पितळ त्याहूनही जड. पुढचा हिशोब बारावीच्या फिजिक्सचा. नऊ मिलिमीटरची गोळी साधारण आठ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३२० मीटर. पिस्तूल एक किलोचं असेल तर तेवढ्याच संवेगाने ते सेकंदाला अडीच मीटर वेगाने मागे येऊ पाहतं, १.३ किलोचं असेल तर दोन मीटरच्या आत. म्हणजे जड तेच चांगलं, विषय संपला. नियमही आड येत नव्हता: मी ज्या कॅरी ऑप्टिक्स गटात खेळणार होते, त्यात वजनाची मर्यादा ५९ औंस, म्हणजे जवळजवळ पावणेदोन किलो. भरपूर वाव.

हे मी रेंजवरच्या एका आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला सेफ एरियात नेलं. तिथे गोळीला हात लावायचा नाही, अगदी खोट्या गोळीलाही, रिकामी पिस्तुलं तेवढी हाताळायची. त्यांच्याकडे २०११ जातीची दोन होती, वरून सारखी, एकाची मूठ पोलादी, दुसऱ्याची प्लास्टिकची. दोन्ही आळीपाळीने उचलायला लावली. पोलादी मूठ उचलताना जड लागली, पण समोर रोखल्यावर गंमत झाली: नळीचं टोक हलकं वाटत होतं. प्लास्टिकवाल्याचं एकूण वजन कमी, तरी ते पुढे झुकत होतं.

"वजन कुठे आहे ते बघ," ते म्हणाले.

मुद्दा असा होता. गोळी सुटल्यावर पिस्तूल मागे येतं आणि त्याच वेळी नळी वर उसळते. उसळण्याचा आस तुमच्या हातातच असतो. मुठीतलं वजन त्या आसाला चिकटून, म्हणून ते मागचा धक्का कमी करतं, पण नळीची उसळी थोपवायला फारसं कामी येत नाही. ते काम नळीखाली, पुढच्या बाजूला असलेल्या वजनाचं. उलट मुठीत वजन असलं की तोल मागे येतो आणि एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर पिस्तूल चटकन वळतं. काही लोक मुद्दाम तेच शोधतात. माझ्या एक्सेलमध्ये वजनाचा रकाना होता, वजनाच्या जागेचा नव्हता.

नंतर सरावाच्या दिवशी दोन्ही चालवून पाहिली. पोलादी मुठीत हादरा बोथट होऊन येतो, हे खरं. प्लास्टिकच्या मुठीत गोळीगणिक बारीकशी लवचीक थरथर तळहाताला जाणवते. काहींना ती आवडत नाही, मला खटकली नाही. खटकला तो धातूच्या मुठीचा पृष्ठभाग. घामाने हात सटकू नये म्हणून त्यावर यंत्राने टोकदार दाणे कापलेले असतात. दोन मॅगझिनं होईपर्यंत बरं वाटतं, दुपारपर्यंत तळहात किसणीवर धरल्यासारखा होतो. मुरलेल्या लोकांच्या हाताला घट्टे पडलेले असतात. त्यांना हे सांगून उपयोग नाही. शिवाय ऑगस्टमधल्या टेक्सासच्या उन्हात गाडीच्या डिकीतून काढलेली पोलादी मूठ कशी लागते, हे एकदा अनुभवावं.

आणि माझा हात लहान. हा विषय सगळ्यात शेवटी निघाला, खरं तर पहिला निघायला हवा होता. तळहात मुठीवर नीट बसवला तर बोट ट्रिगरच्या कडेपर्यंतच पोचायचं. बोट नीट पोचवलं तर मूठ हातात तिरपी व्हायची आणि धक्का अंगठ्याच्या बुडाशी यायचा. अशा वेळी पॉलिमर फार सोशिक असतं. त्याचा मागचा उंचवटा घासून कमी करता येतो, ट्रिगर गार्डखाली बोट वर सरकायला जागा कोरता येते, सोल्डरिंग आयर्नने ठिपके पाडून हवा तिथेच खरखरीतपणा आणता येतो. आजोबांच्या प्लास्टिकच्या मुठीवरचे ठिपके असे घरीच पाडलेले होते, एका ठिकाणी चुकून दोन ठिपके एकात एक मिसळलेलेही दिसत होते. धातूच्या मुठीवर हेच करायचं तर मशीनवाल्याकडे जावं लागतं. सिगच्या मुठी तर लहान, मध्यम, मोठ्या अशा मापातच मिळतात. याच कंपनीने पॉलिमरमध्ये टंगस्टनची पूड मिसळून एक जड मूठही काढली आहे: घडण प्लास्टिकची, भार धातूचा. ती हातात घेतल्यावर धातू विरुद्ध प्लास्टिक हा वाद मला निम्मा निरर्थक वाटू लागला.

२०११ वर धातूची मूठ चढवायची तर आणखी एक कटकट असते. ट्रिगर, मागची ग्रिप सेफ्टी, मॅगझिन सोडायचं बटण, सगळं नव्या मुठीत पुन्हा जुळवून बसवावं लागतं, आणि कधी कानशीही फिरवावी लागते. ज्याला हे येतं त्याला त्यात मजा येत असेल. मी नवखी, सेफ्टीशी संबंधित भागांना मी कानस लावणार नाही.

मी शेवटी लहान मापाची साधी पॉलिमरची मूठ घेतली. चांगली धातूची मूठ चारशे डॉलरच्या घरात जाते. सरावाची गोळी पंचवीस सेंटला धरली, तर तेवढ्या पैशात सोळाशे गोळ्या येतात, आणि सध्या मला त्यांची गरज जास्त आहे. तुम्हीही नव्याने सुरू करत असाल तर काही मागवण्याआधी रेंजवर चार जणांची रिकामी पिस्तुलं सेफ एरियात धरून बघा, आणि आधी बोट ट्रिगरवर कुठे टेकतंय ते पाहा. विचारलंत तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. फक्त प्रत्येकाचं मत ऐकण्याइतका वेळ हाताशी ठेवा.