वाकलेली पट्टी

गियरच्या सायकलीत मागच्या चाकाच्या आसाजवळ, उजव्या अंगास, ॲल्युमिनियमची एक लहानशी पट्टी असते. तिला हँगर म्हणतात. साखळीला एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर हिच्याच आधाराने लोंबतो. सायकल उजव्या कुशीवर पडली की बहुधा हीच प्रथम वाकते. आघात तिने सोसावा आणि सांगाडा वाचावा, एवढ्याचसाठी ती मऊ धातूची व सुटी केलेली असते.

हैदराबादेत बाह्य वर्तुळाकार मार्गालगत २०२३ साली सौरपट्ट्यांच्या छपराखालील २३ किलोमीटरांचा सायकलमार्ग खुला झाला. आमच्या कन्येस तेथे रविवारी पहाटे जाण्याचा छंद आहे. गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली तिची सायकल कलंडली. वरकरणी ओरखडाही दिसेना. परंतु साखळी आपोआप चक्रे बदलू लागली, आणि सर्वांत मोठ्या चक्रावर जाताच डिरेलर आऱ्यांना घासू लागला. वाचकहो, हे चिन्ह क्षुल्लक नव्हे. धावत्या चाकाच्या आऱ्यांत डिरेलर अडकला, तर चाक एकाएकी थांबून स्वार फेकला जाऊ शकतो.

एके ठिकाणी तारेचा ताण कमीअधिक करून पाहण्यात आला. गुण आला नाही. आधारच वाकडा, तेथे तार ताणून काय होणार? नवा हँगर आणावा, तर सांगाड्यागणिक त्याचा आकार निराळा. २०१९ साली स्रॅम कंपनीने अनेक सांगाड्यांस चालेल असा एक नमुना काढला खरा, पण आमची सायकल त्या जातीची नव्हे.

अखेर कोटीकडील एका वृद्ध मिस्त्रींनी काम हाती घेतले. चाक नीट बसले आहे ना, हे त्यांनी आधी पाहिले. मग डिरेलर सोडवून हँगरच्या आट्यांत लांब दांड्याचे मापयंत्र बसविले. दांड्याचे टोक रिमशी घड्याळातील बारा, तीन, सहा व नऊच्या जागी ताडून पाहिले. प्रत्येक वेळी चाक फिरवून व्हॉल्व्हच टोकासमोर आणला, म्हणजे रिमच्या वाकडेपणाने माप फसू नये. फरक दिसला की दांडा किंचित दाबावयाचा आणि पुन्हा मोजावयाचे. अकरा चक्रांच्या सायकलीत शेजारच्या दोन चक्रांतील अंतर चार मिलिमीटरांहूनही कमी. तेथे नुसत्या डोळ्यांवर विसंबून भागत नाही.

"अगली बार गिरी तो नया डालना, बेटा," मिस्त्री मुलीस म्हणाले. वारंवार वाकविलेले ॲल्युमिनियम थकते आणि मोडते. तिने त्याच दिवशी नवा हँगर मागविला. आता तो बैठकीखालच्या पिशवीत असतो.